पटका, हिजाब आणि पाच सेंटिमीटरची पट्टी

स्मरणिकेत आठवणींचे लेख भरपूर येणार, तेव्हा कोणीतरी इतिहासाचेही काही लिहावे, असे संपादक मंडळाचे म्हणणे पडले. शाळेच्या इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. ते काम थोरल्या बॅचच्या मंडळींचे. पण मैदानाच्या कोपऱ्यात लोखंडी खांबांवर उभे असलेले बास्केटबॉलचे बोर्ड आपल्या सगळ्यांच्याच लक्षात आहेत. त्या खेळाचा, आणि त्यातही खेळाडूच्या डोक्यावर काय असावे व काय नसावे या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास इथे मांडतो. आपल्या संघातून पटका बांधून खेळणारे सरदार मित्र होऊन गेले. आंतरशालेय सामन्यांत कोणत्याही पंचाने त्यांना पटका सोडायला सांगितल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे २०१४ च्या जुलैमधली वुहानची बातमी वाचली तेव्हा आपल्यापैकी अनेकांना ती खरीच वाटली नसेल.

चीनमधल्या वुहान शहरात तेव्हा आशिया चषक चालू होता. भारताचा जपानशी सामना सुरू होण्याच्या बेतात असताना अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या दोघांना सांगण्यात आले की, डोक्यावरचे काढा, नाहीतर खेळता येणार नाही. दोघेही भारतीय संघाचे आधारस्तंभ. यापूर्वी ते पटका बांधून खेळत आले होते. आता सामन्याच्या तोंडावर, परक्या देशात, संघ वाट पाहतो आहे आणि पंच नियमावर बोट ठेवून उभे आहेत. दोघांनी पटके उतरवले, केस बांधले आणि ते मैदानात उतरले. त्याच स्पर्धेत भारताने चीनला ६५-५८ असे हरवले. चीनला चीनच्या भूमीत हरवणे ही भारतीय बास्केटबॉलच्या इतिहासातली फार मोठी घटना. पण त्या विजयाची छायाचित्रे पाहताना पंजाबातल्या किती घरांत आनंदाबरोबर आणखीही काहीतरी मनात आले असेल, याचा अंदाज करता येतो.

बोट ठेवले गेले तो नियम काय होता? आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे ‘फिबा’च्या नियमावलीत असे कलम होते की, दुसऱ्या खेळाडूला इजा होऊ शकेल अशी कोणतीही वस्तू अंगावर असू नये. त्या कलमाखालच्या यादीत दागिने होते, केसांतल्या पिना होत्या आणि ‘डोक्यावरचे आच्छादन’ही होते. सवलत होती ती कपाळावर बांधायच्या कापडी पट्टीला. तीही जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर रुंद. या कलमात धर्माचा उल्लेख नव्हता. नियम सर्वांना सारखा होता. हे ‘सारखे’पण मात्र नीट पाहायला हवे. ज्याच्या डोक्यावर काहीच नसते त्याच्याकडून हा नियम काहीच मागत नव्हता. शीख मुलगा, हिजाब घेणारी मुलगी, किप्पा घालणारा ज्यू तरुण यांच्याकडून मात्र तो एक तर खेळ मागत होता, नाहीतर श्रद्धा.

यातली गंमत अशी की हा खेळ जन्माला आला तोच मुळी धर्माच्या अंगणात. जेम्स नेस्मिथ हा कॅनडाचा तरुण मॉन्ट्रियलला धर्मशास्त्र शिकला होता. प्रवचन करण्यापेक्षा व्यायामशाळेत मुलांवर जास्त चांगले संस्कार घडवता येतील, असे वाटून तो अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत आला. १८९१ च्या डिसेंबरात, थंडीमुळे आत कोंडलेल्या अठरा धसमुसळ्या विद्यार्थ्यांसाठी त्याने हा खेळ बेतला. सज्जाला पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. चेंडू घेऊन पळायचे नाही. खांद्याने रेटायचे नाही, धरायचे नाही, ढकलायचे नाही, पाय घालून पाडायचे नाही. टोपली डोक्याच्या वर टांगली तीही याचसाठी, की चेंडू जोराने मारण्यापेक्षा अलगद टाकावा लागावा. कोणाला इजा होऊ नये, हा विचार या खेळाच्या पायातच आहे. फिबाने इजेचा मुद्दा काढला त्याला म्हणून मी सरसकट ढोंग म्हणणार नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी: त्या पहिल्या अठरा जणांत एक जपानी विद्यार्थीही होता. म्हणजे निरनिराळ्या घरांतून आलेली मुले एका टोपलीखाली आणणे हेही पहिल्या दिवसापासूनचेच.

वायएमसीएच्या माणसांबरोबर हा खेळ दोनतीन वर्षांतच हिंदुस्थानात पोहोचला. मद्रासला तो रुजला, कलकत्त्याला रुजला आणि आपल्या मुंबईत त्याने घर केले ते नागपाड्यात. ख्रिस्ती संघटनेने आणलेला खेळ मुख्यतः मुसलमान वस्तीच्या मोहल्ल्यात असा भिनला की मुंबईच्या बास्केटबॉलचा विषय निघाला आणि नागपाड्याचे नाव निघाले नाही, असे होत नाही. मस्तान वायएमसीए आणि नागपाडा नेबरहूड हाऊस ही तिथली दोन ठाणी. भारताचे कर्णधारपद भूषवलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर याच मातीतले. कोणाच्या धर्माने आणलेला खेळ कोणी उचलला, याचा हिशेब तिथे कोणी मांडत बसले नाही.

मुलींची गोष्ट थोडी निराळी. खेळ निघाल्यावर काही महिन्यांतच स्मिथ कॉलेजमधल्या सेंडा बेरेन्सन यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. बेरेन्सन मूळच्या लिथुआनियातून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातल्या. मार्च १८९३ मध्ये त्यांच्या कॉलेजात पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत मज्जाव होता, कारण मुली आखूड पोशाखात खेळणार होत्या. मुलींना दमछाक नको म्हणून मैदानाचे तीन भाग पाडले आणि आपला भाग सोडायचा नाही असा नियम केला. हेतू काळजीचाच. पण त्या काळजीच्या रेषा पुसायला पुढे कित्येक दशके लागली. अमेरिकी शाळा-कॉलेजांत मुलींच्या खेळाला कायद्याचे पाठबळ मिळाले ते १९७२ साली. बाईने खेळताना किती अंग झाकावे आणि किती उघडे ठेवावे, हे ठरवणारे बहुतेक वेळा दुसरेच कोणीतरी असते. १८९३ मध्ये ‘झाकलेले बरे’ म्हणणारे होते, सव्वाशे वर्षांनी ‘काढा’ म्हणणारे आले.

आता ज्या मुलीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. बिल्किस अब्दुल-कादिर. जन्म स्प्रिंगफिल्डचा, म्हणजे ज्या गावी हा खेळ जन्मला त्याच गावचा. लांब बाह्या, पायभर पँट आणि डोक्याला हिजाब, अशा वेषात ती शाळेच्या संघातून खेळली. शाळा सोडली तेव्हा तिच्या नावावर ३,०७० गुण होते. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या शालेय इतिहासात एवढे गुण तोवर ना मुलीने केले होते, ना मुलाने. आधीचा मुलींचा विक्रम रेबेका लोबो यांचा होता. त्या पुढे ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात होत्या, एवढे सांगितले म्हणजे त्या विक्रमाचे वजन कळेल. पुढे मेम्फिस विद्यापीठातून आणि नंतर इंडियाना स्टेटकडून ती खेळली. अमेरिकी विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीत हिजाब घालून खेळलेली ती पहिली खेळाडू. मैदानाबाहेर टोमणे ऐकावे लागले असतील, पण विद्यापीठाच्या स्पर्धांत तिच्या हिजाबाने कोणाला ओरखडाही आला नाही.

२०१४ मध्ये शिक्षण संपले आणि युरोपात व्यावसायिक खेळायचे ठरले. तिथे फिबाचे नियम लागू. हिजाब काढला तरच करार. तिने नकार दिला. लहानपणापासून जे एकच काम आपल्याला येते असे वाटत होते, ते एका कलमामुळे बंद झाले. मग तिने याचिका केल्या, व्याख्याने दिली, दुसऱ्या देशांतल्या मुलींना जोडून घेतले. दरम्यान ती मुलांना खेळ शिकवू लागली.

हा प्रश्न फक्त मुसलमान मुलींचा होता असे नव्हे. नामा शाफिर ही इस्रायलची धर्मनिष्ठ ज्यू खेळाडू जर्सीखाली टी-शर्ट घालून खांदे झाकून खेळत असे. अमेरिकेत टोलेडो विद्यापीठाकडून खेळताना कोणाची हरकत नव्हती. २०११ च्या युरोपीय स्पर्धेत मात्र फिबाने टी-शर्ट चालणार नाही, सगळ्यांचा गणवेश एकसारखा हवा, असे सांगितले. शेवटी खांद्यांवर लवचीक पट्ट्या चढवून तोडगा निघाला. नियम पाळला गेला आणि खांदेही झाकले गेले. असे तोडगे बहुधा निघतात, पण ते शोधायची तयारी वरच्यांनी दाखवावी लागते. वुहानमध्ये ती कोणी दाखवली नाही.

तोवर फुटबॉलने पाऊल पुढे टाकले होते. मार्च २०१४ मध्येच फुटबॉलच्या नियममंडळाने चाचणीनंतर हिजाब आणि पटका दोन्हींना परवानगी दिली. जिथे धावत येऊन डोक्याने चेंडू मारतात त्या खेळात चालते, मग बास्केटबॉलमध्ये का नाही, या प्रश्नाला उत्तर देणे अवघड होते. सप्टेंबरमध्ये फिबाने दोन वर्षांच्या प्रायोगिक मुदतीची घोषणा केली. देशांतर्गत स्पर्धांत आणि तिघा-तिघांच्या खेळात आच्छादन चालेल, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मात्र नाही. घोषणेला पंधरा दिवसही झाले नव्हते तोच दक्षिण कोरियात इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या मुली मंगोलियाविरुद्ध खेळायला आल्या. हिजाब काढायला सांगितले. त्यांनी काढला नाही. सामना मंगोलियाला बहाल झाला आणि कतारचा महिला संघ स्पर्धेतून बाहेर पडला. त्याच स्पर्धेत इतर खेळांतल्या मुली हिजाब घालून खेळत होत्या.

वुहानचे दोघे आणि इंचॉनच्या बारा जणी, यांतले कोण बरोबर? काही जण म्हणतील, अमृतपाल-अमज्योतने पटका उतरवायलाच नको होता. मला ते पटत नाही. देशाच्या संघाचा भार खांद्यावर असताना, पाच-दहा मिनिटांत ठरवायचे असताना त्यांनी जे केले, त्याचा न्याय घरी बसून करू नये. कतारच्या मुलींनाही कोणी हटवादी म्हणू नये. दोष असलाच तर अशी निवड करायला लावणाऱ्या कलमाचा. आपल्याकडे यावर लेख, निषेध, पत्रे बरीच झाली आणि अमेरिकेतल्या शीख संघटनांनी व काही लोकप्रतिनिधींनी फिबाकडे पाठपुरावा केला, हेही नोंदवायला हवे. बिल्किसची याचिका आणि शिखांची पत्रे एकाच टेबलावर जाऊन पडली.

४ मे २०१७ रोजी हाँगकाँगमध्ये भरलेल्या फिबाच्या अधिवेशनात नियम बदलला. १ ऑक्टोबर २०१७ पासून तो लागू झाला. तेव्हाच्या अटी साध्या होत्या. आच्छादन काळे, पांढरे किंवा गणवेशाच्या मुख्य रंगाचे असावे आणि संघातल्या सगळ्यांचे एकाच रंगाचे. चेहरा झाकला जाऊ नये. चेहऱ्या-मानेभोवती उघडझाप करणारे बंद नसावेत, बाहेर आलेला कुठलाही भाग नसावा, घालणाऱ्याला किंवा दुसऱ्याला धोका नसावा. म्हणजे इजेची काळजी आहे तशीच राहिली, फक्त ती आता वस्तू कशी आहे हे पाहून घेतली जाते, ती कोणाची खूण आहे हे पाहून नव्हे. हे २०१४ च्या आधी लिहायला कोणते शास्त्र आड येत होते, ते मला तरी दिसत नाही.

अमज्योत पुढे अमेरिकेच्या जी-लीगमध्ये खेळला, अमृतपाल ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून. बिल्किसला मात्र या बदलाचा उपयोग झाला नाही. खेळाडूच्या आयुष्यातली ऐन उमेदीची तीन वर्षे परत मिळत नसतात. व्यावसायिक सामना ती खेळलीच नाही.

आणि प्रकरण मिटले असेही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये फ्रान्सच्या बास्केटबॉल महासंघाने आपल्या देशातल्या सामन्यांत धार्मिक खुणेचा पोशाख सगळ्या स्तरांवर बंद केला. तिथे कारण इजेचे नाही, निधर्मी राज्यतत्त्वाचे दिले जाते. दियाबा कोनाते ही २०१८ च्या युवा ऑलिम्पिकमध्ये फ्रान्ससाठी रौप्यपदक मिळवलेली खेळाडू. अमेरिकेत विद्यापीठाकडून ती हिजाब घालून खेळली, स्वतःच्या देशात तिला ती मोकळीक नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये यजमान देशाच्या खेळाडूंना हिजाब वर्ज्य होता. त्याच मैदानावर, त्याच चेंडूने खेळणाऱ्या पाहुण्या संघांतल्या मुलींना फिबाच्या नियमाप्रमाणे तो चालणार होता.