युनियन अव्हेन्यूवरील ती रात्र

ऑक्टोबर १९५७ मधील एक ध्वनिफीत आहे. तिच्यावर गाणे नाही, वाद आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात, मेम्फिस शहरातील एका लहानशा स्टुडिओत बावीस वर्षांचा एक गायक पियानोपाशी बसला आहे आणि समोर ठेवलेले गाणे म्हणायला तो तयार नाही. हे संगीत सैतानाचे आहे, असे तो म्हणतो. स्टुडिओचा मालक त्याची समजूत घालू पाहतो. ख्रिस्त एकाच व्यासपीठावरून बोलला नाही, तो माणसांत हिंडला, त्याने त्यांचे भले केले. मग तुझ्या गाण्यानेही आत्मे का तरणार नाहीत, असा त्याचा सवाल. गायक उसळून विचारतो की सैतान आत्मे कसे तारील? माझ्यात सैतान आहे. तसे नसते तर मी ख्रिस्ती झालो असतो! यंत्र चालू राहिले होते, म्हणून हा संवाद वाचला आणि पुढे प्रकाशात आला. गायकाचे नाव जेरी ली लुईस, मालकाचे सॅम फिलिप्स आणि वादाचे कारण झालेल्या गाण्याचे नाव ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’.

रॉक अँड रोलच्या आरंभकाळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात केशभूषा, किंचाळणाऱ्या मुली आणि संतापलेले पालक यांचीच वर्णने फार. मला मात्र कुतूहल वाटते ते ज्या खोल्यांत हे संगीत प्रथम ध्वनिमुद्रित झाले त्या खोल्यांचे आणि तेथे गाताना या तरुणांच्या मनात जे चालले होते त्याचे.

सॅम फिलिप्स मूळचा अलाबामा राज्यातील फ्लॉरेन्स परिसरातला. जन्म १९२३ चा. लहानपणी शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांची आणि त्यांच्या चर्चमधील गाणी त्याच्या कानांवर पडली, ती त्याच्या मनातून कधी गेली नाहीत. मेम्फिसमध्ये आकाशवाणी केंद्रावर तंत्रज्ञ म्हणून नोकरी करीत असताना, जानेवारी १९५० मध्ये त्याने युनियन अव्हेन्यूवरील ७०६ क्रमांकाच्या जागेत ‘मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस’ सुरू केली. खोली जेमतेम १८ फूट रुंद आणि ३० फुटांच्या आसपास लांब. काहीही, कोठेही, केव्हाही ध्वनिमुद्रित करून देऊ, अशी त्याची जाहिरात होती. लग्ने, अंत्यविधी, भाषणे असे मिळेल ते काम तो घेत असे. कार्यालय सांभाळायला मॅरियन कीस्कर ही सहकारी. एवढाच संसार.

त्याला खरे करायचे होते ते वेगळेच. दक्षिणेत त्या काळी वर्णभेदाचे कायदे जारी होते. कृष्णवर्णीय गायकासाठी स्टुडिओचे दार उघडणारे थोडे. फिलिप्सने ते उघडले. बी. बी. किंग आणि हाउलिन वुल्फ यांची सुरुवातीची गाणी त्याच खोलीत मुद्रित झाली. मार्च १९५१ मध्ये आइक टर्नर आपल्या वाद्यवृंदासह मिसिसिपीहून आला, तेव्हा वाटेत गिटारच्या ध्वनिवर्धकाला इजा झाली होती. दुरुस्तीला वेळ नव्हता. फिलिप्सने आत कागद कोंबला आणि त्यातून निघणारा घोगरा, फाटका आवाज तसाच मुद्रित केला. ते गाणे ‘रॉकेट ८८’. जॅकी ब्रेन्स्टन याच्या नावावर प्रसिद्ध झालेले हे गाणे कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या स्थानी गेले आणि अनेक अभ्यासक त्याला रॉक अँड रोलची पहिली तबकडी मानतात. असा ‘पहिला’ ठरविण्याचा हट्ट मला तितकासा मानवत नाही. नदीचा उगम शोधू जाणाऱ्याला अनेक झरे सापडतात. पण ती बिघडलेली पेटी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

जून १९५३ मध्ये याच खोलीत नॅशव्हिलच्या कारागृहातील पाच कैदी पहारेकऱ्यांसह आले आणि ‘जस्ट वॉकिंग इन द रेन’ हे गीत गाऊन त्याच दिवशी तुरुंगात परतले. पावसात एकट्याने चालण्याचे गाणे, आणि गाणारे गजाआडचे!

त्या काळचे ध्वनिमुद्रण कसे चाले, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. आता प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित होते, चुकलेला सूर मागाहून दुरुस्त करता येतो. तेव्हा सारे एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवीत. एखादे वाद्य मोठे वाटले तर वादकाला ध्वनिग्राहकापासून चार पावले मागे सरकवायचे, गायकाला पुढे ओढायचे. समतोल साधण्याचा हाच उपाय. एक चुकला की सर्वांनी पुन्हा आरंभापासून. फिलिप्सने यात एक युक्ती बसवली. गायकाचा आवाज तो दुसऱ्या ध्वनिफीत-यंत्राकडे पाठवी. त्या यंत्रात मुद्रण करणारा भाग आणि ऐकविणारा भाग यांत थोडे अंतर असते. फीत ते अंतर ओलांडीपर्यंत क्षणाचा अंश उलटतो. उशिरा आलेला हा आवाज मूळ आवाजात मिसळला की भिंतीवर आपटून परतल्यासारखा प्रतिध्वनी उमटतो आणि छोट्या खोलीतले गाणे मोठे होते. ‘सन’ या त्याच्या कंपनीच्या तबकड्या या नादावरून ओळखू येत.

सन १९५३ च्या उन्हाळ्यात एक लाजरा तरुण सुमारे चार डॉलर मोजून स्वतःसाठी तबकडी करून घ्यायला आला. कीस्करबाईंनी त्याचे नाव टिपून ठेवले. त्या एल्विस प्रेस्लीला फिलिप्सने पुढील वर्षी बोलावले. ५ जुलै १९५४ ची संध्याकाळ. गिटारवर स्कॉटी मूर, बेसवर बिल ब्लॅक. ड्रम नव्हताच. संथ भावगीते गाऊन गाऊन तिघेही कंटाळले, काही जमेना. मधल्या विश्रांतीत प्रेस्लीने चेष्टेने उड्या मारीत आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचे ‘दॅट्स ऑल राइट’ हे जुने गाणे सुरू केले. बाकीचे दोघे त्यात सामील झाले. फिलिप्सने नियंत्रणकक्षातून डोके बाहेर काढून विचारले, हे काय चालले आहे? त्यांनाही सांगता येईना. मग त्याने ते पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावले आणि यंत्र सुरू केले. काही दिवसांत मेम्फिसच्या आकाशवाणीवर ते वाजले तेव्हा निवेदकाने मुलाखतीत प्रेस्लीला त्याच्या शाळेचे नाव मुद्दाम विचारले. शाळा वर्णानुसार वेगळ्या होत्या. नावावरून श्रोत्यांना कळावे की गाणारा गोरा आहे.

या एका प्रश्नात त्या संगीताची सारी कहाणी आणि तिच्यातील अन्याय आला. क्रूडपला त्याच्या रचनांच्या मानधनाचा मोठा भाग हयातीत मिळाला नाही. १९७४ मध्ये तो वारला. ज्या फिलिप्सने कृष्णवर्णीयांसाठी दार उघडले, त्यानेच प्रेस्लीच्या यशानंतर आपले लक्ष गोऱ्या गायकांकडे वळविले, अशी रूफस थॉमससारख्या त्याच्या जुन्या गायकाची तक्रार होती, आणि ती रास्त होती. नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्सने प्रेस्लीचा करार आर.सी.ए. कंपनीला ३५,००० डॉलरला विकला. जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिल येथे त्या कंपनीसाठी प्रेस्लीने पहिले ध्वनिमुद्रण केले. तो स्टुडिओ होता मेथॉडिस्ट चर्चच्या माध्यम विभागाच्या इमारतीत! मेम्फिसचा प्रतिध्वनी तेथील तंत्रज्ञांना साधेना, म्हणून त्यांनी बाहेरच्या बोळाचा उपयोग केला. ‘हार्टब्रेक हॉटेल’मधील तो पोकळ, उदास घुमारा त्या बोळातला आहे.

मेम्फिसच्या दक्षिणेला, न्यू ऑर्लिन्स या जुन्या कॅथलिक शहरात अशीच दुसरी खोली होती. सिसिलीहून आलेल्या कुटुंबातील कॉझिमो मटासा याने १९४५ मध्ये दुकानाच्या मागील भागात ती थाटली. १९४९ च्या डिसेंबरात फॅट्स डॉमिनोने ‘द फॅट मॅन’ तेथेच गायिले. सप्टेंबर १९५५ मध्ये लिटल रिचर्ड तेथे आला, तेव्हाही प्रेस्लीसारखेच घडले. मुद्रण कंटाळवाणे चालले होते. मंडळी विश्रांतीसाठी जवळच्या एका खानावळवजा नृत्यगृहात गेली. तेथे पियानो दिसताच रिचर्डने आपले एक अश्लील गाणे गर्जून म्हटले. निर्मात्याने चाल हेरली आणि डोरोथी लाबॉस्ट्री या तरुण कवयित्रीला शब्द सोवळे करायला सांगितले. मूळ शब्द तिला ऐकविताना रिचर्डला इतका संकोच वाटला, की तो भिंतीकडे तोंड करून गायिला, असे सांगतात. वेळ संपत आली असताना ‘टूटी फ्रूटी’ मुद्रित झाले.

भिंतीकडे वळलेला तो चेहरा मला महत्त्वाचा वाटतो. ही मुले निलाजरी नव्हती. रविवारच्या उपासनेत वाढलेली, स्तोत्रे पाठ असलेली ही मुले होती. प्रेस्ली आणि लुईस दोघेही ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ या पेंटेकॉस्टल पंथातले. तेथे उपासनेत टाळ्या, हुंदके, अंगात संचारणे हे सारे पवित्र आत्म्याचे देणे मानले जाते. तोच ठेका, तोच आवेश शनिवारी रात्री नृत्यगृहात आणला की तो सैतानाचा होतो. सीमारेषा कोठे? लुईस टेक्सासमधील बायबल महाविद्यालयात शिकत असताना एका स्तोत्राला त्याने बूगी-वूगीची चाल लावली आणि त्याला तेथून काढून टाकण्यात आले. जॉनी कॅश फिलिप्सकडे आला तो भक्तिगीते गाण्यासाठी. भक्तिगीते खपत नाहीत म्हणून फिलिप्सने नकार दिला. ड्रम नसल्यामुळे गिटारच्या तारांत कागद सरकवून ठेका धरणारा हा कॅश पुढे कंपनी सोडून गेला आणि १९५९ मध्ये त्याचा स्तोत्रसंग्रह दुसरीकडे प्रसिद्ध झाला. ४ डिसेंबर १९५६ रोजी प्रेस्ली, लुईस, कॅश आणि कार्ल पर्किन्स योगायोगाने युनियन अव्हेन्यूवर एकत्र जमले. कोणी काही ठरविले नव्हते. पियानोभोवती उभे राहून ते उत्स्फूर्तपणे जे गात गेले, त्यात चर्चमधील गाण्यांचा भरणा मोठा होता.

गुरुविद्यालयात संत ऑगस्टीनची ‘कबुलीजबाब’ वाचलेल्यांना हे द्वंद्व नवे नाही. मिलानच्या चर्चमधील गायनाने डोळ्यांत अश्रू आले, हे तो कृतज्ञतेने सांगतो. पण गीताच्या आशयापेक्षा सुराने आपण अधिक हललो तर ते आपले पाप, असेही कबूल करतो. चर्चमध्ये गाणे असावे की नसावे, या प्रश्नावर त्याचे मन दोलायमान राहते. शेवटी दुर्बळ मनांना भक्तीकडे नेण्यासाठी गाणे असावे, या बाजूला तो झुकतो. लुईसने ऑगस्टीन वाचला असण्याचा संभव नाही. तो मात्र त्याच उंबरठ्यावर उभा होता, आणि त्याला समजावायला धर्मगुरू नव्हता. तबकड्या विकणारा माणूस होता. फिलिप्स ढोंगी होता असे मी म्हणणार नाही, त्याचा विश्वास खराच असावा. परंतु त्या रात्री त्याला तबकडीही हवी होती.

गाण्याचे शीर्षकच लुईसला बोचत होते. अग्नीच्या जिभा प्रेषितांवर उतरल्या, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील वर्णन ज्या पंथाचा प्राण, त्या पंथातल्या मुलाने शृंगाराच्या गाण्यात आगीचे गोळे हाकारावेत, ही त्याला थट्टा वाटली. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असलेल्या लिटल रिचर्डने आपली अंगठी पाण्यात फेकून दिली, रॉक अँड रोलचा त्याग जाहीर केला आणि तो बायबलच्या अभ्यासाला निघून गेला. काही वर्षांनी तो परतलाही. लुईस गेला नाही. वाद संपला आणि तो गायिला. त्या तबकडीतील दांडगाई, पियानोवरील ते प्रहार आणि आवाजातील बेभानपणा ऐकताना, नुकताच आपण हरलो आहोत हे जाणणारा माणूस गात आहे, असे मला वाटत राहते. ती अमेरिकेत दुसऱ्या आणि इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. काही महिन्यांतच, आपल्या तेरा वर्षांच्या नात्यातील मुलीशी त्याने केलेला विवाह उघडकीस आला आणि मे १९५८ मध्ये इंग्लंडचा दौरा अर्धवट टाकून त्याला परतावे लागले. त्या बाबतीत त्याची बाजू घेण्याजोगे काही नाही.

युनियन अव्हेन्यूवरील खोली आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेली आहे. फिलिप्स २००३ मध्ये गेला. प्रेस्लीला मिळालेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार त्याच्या भक्तिगीतांसाठी आहेत. लुईस या सर्वांपेक्षा अधिक जगला. २०२२ मध्ये, सत्त्याऐंशी वर्षांच्या वयात मृत्यू येण्याच्या काही महिने आधी, त्याचा एक संग्रह निघाला. लहानपणी ज्याच्यासोबत पियानो शिकला त्या मावसभावाबरोबर, धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्टबरोबर, तो त्यात गायिला आहे. सगळी गाणी चर्चमधली आहेत.