कॉसमॉस बँकेवरचा हल्ला : परदेशी हॅकरपर्यंत आपला कायदा पोहोचतो का?

पुणे : ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हॅकरनी एटीएमची यंत्रणा ताब्यात घेतली आणि बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे काढले गेले. यामागे उत्तर कोरियाचा हात असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात म्हटलंय.

कायदा काय सांगतो?

• माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ७५ : गुन्हेगार परदेशात असला, पण कॉम्प्युटर भारतातला असला, तरी हाच कायदा लागतो.
• कलम ६६-एफ : देशाच्या सुरक्षेला धोका आणणारा सायबर दहशतवाद. शिक्षा जन्मठेपेपर्यंत.
• २०२२ पासून बँका, कंपन्यांनी हल्ला लक्षात आल्यावर ६ तासांत 'सर्ट-इन' या केंद्राच्या यंत्रणेला कळवायचं.

पण उत्तर कोरियातून आरोपी आणणार कसा? २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा दिली. ते इथल्या एटीएममधून पैसे काढणाऱ्या टोळीतले होते. म्हणजे सापडतो तो इथला माणूस.

म्हणून कमिशनच्या लोभाने खातं किंवा एटीएम कार्ड कुणाला वापरायला देऊ नका. स्वतःचे पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला ३ कामकाजी दिवसांच्या आत कळवून पोच घ्या.