एरियलची आणि केबलची जुळणी

सांगली आकाशवाणी १९६३ साली सुरू झाली. चार वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, सातारा जिल्ह्यात कोयनानगर हादरलं. रेडिओवरून बातमी गावात येते, पण गावाचा निरोप उलट जात नाही. ते काम हौशी रेडिओवाल्यांचं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात त्यांनी ते केलंही.

त्यांची साधी एरियल म्हणजे मधोमध तोडलेली तार, १४ मेगाहर्ट्झला सुमारे १० मीटर. एकटी असली तर तिचा रोध ७० ओहमच्या आसपास. १९२६ साली जपानात उदा आणि यागी यांनी शेजारी समांतर दांड्या लावून एरियलला दिशा दिली, पण रोध २५-३० वर उतरला. केबल तर ५० ओहमची! चार इंची पाइपाला एकदम दोन इंची जोडल्यावर धक्का मागे येतो ना, तशी इथं शक्ती परत फिरते.

उपाय स्वस्त आहे. टीव्हीच्या ७५ ओहम केबलचे दोन तुकडे, सुमारे साडेतीन मीटरचे, शेजारी शेजारी जोडून मध्ये घालायचे. दुसरा उपाय, दांडी दुमडून दुहेरी करायची. रोध चौपट होतो. जुन्या टीव्ही एरियलवरची लांबट कडी आठवा, ती शोभेची नव्हती.

बोलण्याआधी मात्र परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो.