आवराआवर : पुण्याच्या पेठेतून बसवनगुडीत

श्रावण अर्धा सरला की आमच्या घरी दरवर्षी एकच चर्चा सुरू होते : माळा कधी काढायचा? इथे माळ्याला ‘अट्ट’ म्हणतात, आणि चाळीसहून अधिक वर्षं बंगळुरात काढल्यावर आमच्या घरातही तो अट्टच झाला आहे. ‘अट्टावरचं मखर काढा’ हे आमच्या सौ. ज्या सहजतेने म्हणतात, ते ऐकून पुण्याचे पाहुणे बुचकळ्यात पडतात!

यंदा घाई दुप्पट आहे. चिरंजीवांचे सासू-सासरे नागपूरहून प्रथमच गौरीजेवणाला येणार आहेत. व्याही येणार म्हटल्यावर पंख्याच्या पात्यांपासून देवघराच्या कोनाड्यापर्यंत काही सुटणार नाही, हे आलंच. सूनबाईंनी एक वही केली आणि तिच्यात तीन रकाने आखले : ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. तिसरा रकाना अर्थातच सर्वांत लांब. त्यात मधेच एक नोंद होती, ‘आजींची पत्र्याची ट्रंक’. त्या नोंदीमुळे हा लेख लिहायला बसलो. त्या ट्रंकेची एक गोष्ट आहे, आणि ती आपण राहतो त्या बसवनगुडीच्या जन्मापर्यंत जाऊन पोचते.

1994 सालची गोष्ट. गणपतीत आरती-प्रसादाला आपली मराठी मंडळी प्रथमच आमच्याकडे येणार होती. आई त्याच वर्षी पुण्याचं बिऱ्हाड मोडून कायमची आमच्याकडे आली होती. सोबत ती ट्रंक आणि एक बासन. घर दोन खोल्यांचं, तीस माणसं बसवायची कुठे? आई दोड्ड गणपतीच्या दर्शनाला गेली असताना मी खाटेखालचं ते बासन ओढलं. जुनी पंचांगं, विटके रुमाल, मोडीत लिहिलेली एक चोपडी. मोडी कुणाला वाचता येत होती? दारात रद्दीवाला उभाच होता.

आई आली, खाटेखाली वाकून पाहिलं, आणि पदर खोचून कामाला लागली. तीस जणांना प्रसाद वाढला, हसून बोलली. रात्री भांडी पुसताना मात्र म्हणाली, “रँडसाहेबाच्या सोजिरांनीसुद्धा विचारलं नव्हतं. तूही विचारलं नाहीस.”

तेव्हा मला कळलं की त्या चोपडीत एक यादी होती. 1897 च्या प्लेगात आमचं पेठेतलं घर सोजिरांनी रिकामं केलं, तेव्हा बाहेर काढून जाळलेल्या वस्तूंची ती यादी. भरपाईचा अर्ज करावा म्हणून पणजोबांनी लिहून ठेवलेली. अर्ज कधी केला नसावा, पण यादी सत्त्याण्णव वर्षं घरात होती. टाकून दिलेल्या वस्तूंची यादीसुद्धा मी टाकून दिली!

मंडळी, शाळेच्या पुस्तकात आपण रँडचा वध आणि चापेकर बंधू शिकलो. ते घर रिकामं करण्याचं प्रकरण काय होतं, हे मात्र मी आईच्या त्या वाक्यानंतरच शोधायला लागलो. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी 1897 मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला (2020 च्या कोविडमध्ये हाच कायदा पुन्हा वापरला गेला) आणि पुण्याच्या प्लेग कमिटीवर वॉल्टर चार्ल्स रँड यांना नेमलं. मार्चपासून मेपर्यंत गोरे सैनिक घरोघर शिरत होते. रोगी सापडला की त्याची रवानगी इस्पितळात, घरच्यांची सेग्रिगेशन कँपमध्ये. मग घर ‘शुद्ध’ करायचं. सामान रस्त्यावर, जाळण्याजोगं वाटेल त्याची होळी, जमीन खणायची, भिंतींना चुना, सगळीकडे जंतुनाशकाचे फवारे. कधी कौलं काढून छपराला भोकं, उजेड आत यावा म्हणून.

आजी तिच्या सासूबाईंकडून ऐकलेलं सांगायची की सोजीर बुटांसह थेट देवघरात आले, आणि ‘हे जुनं आहे’ एवढं कारण जाळायला पुरेसं होतं. जुनं आणि घाण यांत त्यांना फरक दिसत नव्हता. लोकमान्यांचा स्वच्छतेला विरोध नव्हता, उलट प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ काढण्यात ते पुढे होते. त्यांचा राग होता तो पद्धतीवर. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे चापेकर बंधू फासावर गेले आणि राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच साथीत आपणहून रुग्णांच्या दाराशी जाणारी माणसंही होती. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच 10 मार्च 1897 रोजी गेल्या.

सगळ्यात कटू गोष्ट अशी की या धुलाईचा रोगावर फारसा परिणाम होतच नव्हता. येर्सिन यांनी 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे माहीत नव्हतं. समज असा, की तो अंधारात, ओलीत, कोंदट हवेत आणि जुन्या चिंध्यांत मुक्काम करतो. कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी 1898 मध्ये दाखवलं की तो उंदरावरच्या पिसवांतून येतो. त्यावर कितीतरी वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही. 1905 नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्रयोग झाले तेव्हा कुठे ते सर्वमान्य झालं. म्हणजे भिंतीला चुना लागत होता तेव्हा उंदीर शेजारच्या घरात बिऱ्हाड हलवत होते. आपल्याकडच्या बायाबापड्यांना मात्र एवढं ठाऊक होतं की घरात उंदीर पटापट मरून पडू लागले की घर सोडायचं आणि माळावर झोपडी बांधायची. उपयोग झाला तो त्याचाच. (बाप्पाच्या वाहनाबद्दल गणपतीच्या स्मरणिकेत असं लिहिणं बरं दिसत नाही, पण इतिहासाला इलाज नाही.)

आता बंगळूर. ऑगस्ट 1898 मध्ये प्लेग इथे आला तो रेल्वेने, हुबळीच्या बाजूने. त्या रेल्वेचं नावच ‘सदर्न मराठा रेल्वे’! तेव्हा बंगळुरं दोन होती. एक इंग्रजांची छावणी आणि दुसरी म्हैसूर संस्थानातली जुनी ‘पेटे’. चिक्कपेट, बळेपेट, कब्बनपेट या नावांतली पेट म्हणजे आपलीच पेठ. रचनाही तशीच : अरुंद गल्ल्या, भिंतीला भिंत, पुढे दुकान, मागे माणसं आणि मधल्या अंधाऱ्या खोलीत वर्षाचं धान्य. धान्याच्या कणगीवर अडगळ आणि अडगळीत उंदीर. पुण्यात पाहिलं तेच चित्र. माणसं मेली, त्याहून जास्त पळाली. 1891 च्या खानेसुमारीत दोन्ही बंगळुरं मिळून सुमारे 1 लाख 80 हजार वस्ती होती, ती 1901 मध्ये सुमारे 1 लाख 59 हजारांवर आली.

म्हैसूर संस्थानाने प्लेग कमिशनर नेमले व्ही. पी. माधवराव. हे नाव आपल्या मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. व्ही. पी. म्हणजे विश्वनाथ पाटणकर. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरच्या मराठी देशस्थ घराण्यातले. 1906 ते 1909 ते म्हैसूरचे दिवाण होते, त्याआधी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे. बसवनगुडीत ‘दिवाण माधवराव रोड’ आहे तो त्यांच्याच नावाचा. त्या रस्त्यावरून भाजी आणायला मी वर्षानुवर्षं जात होतो, आणि हे कुणी कानडी दिवाण असतील, एवढंच मला वाटत होतं!

‘आपला माणूस’ म्हणून लगेच कॉलर ताठ करायचं मात्र कारण नाही. घरं रिकामी करणं, कँप, तपासण्या इथेही झाल्या, आणि लोक इथेही चिडले. श्रीरंगपट्टणजवळ गंजाम इथे 1898 मध्ये प्लेगच्या नियमांवरून दंगल झाली. तरी इथे एक वेगळी गोष्ट घडली असं मला वाटतं. घरातून अडगळ काढण्यावर न थांबता, अडगळ साचू न देणारं घर बांधायला जागा देण्याचा विचार झाला. पेटेच्या दक्षिणेला बसवनगुडी आणि वायव्येला मल्लेश्वरम या दोन वसाहतींचा आराखडा 1890 च्या दशकात तयार होत होता. प्लेगनंतर त्याला खरा वेग आला. केंपेगौडांच्या काळापासूनचं नंदीचं देऊळ, म्हणजे ‘बसवन गुडी’, त्याचं नाव दक्षिणेकडच्या वसाहतीला मिळालं.

आपल्या भागातलं एखादं उरलंसुरलं जुनं घर या दृष्टीने पाहा. चारी बाजूंना मोकळी जागा, शेजाऱ्याची भिंत आपली भिंत नाही. समोर ओटा, मग हॉल, आणि समोरच्या दारातून मागच्या दारापर्यंत वारा सरळ जातो. लाल गुळगुळीत जमीन, जिला फटी नाहीत आणि रोज पुसता येते. रस्ते काटकोनात, रुंद. मी भाड्याने राहिलो ते पहिलं घर असंच होतं, आणि ‘इथे केर लपायला जागाच नाही’ अशी आईची सुट्टीत आल्यावरची पहिली प्रतिक्रिया होती. तिला ते फार आवडलं होतं.

पण घराच्या पाठीमागे जो बोळ असायचा, त्याबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अर्धाच राहील. ‘कन्झर्व्हन्सी लेन’ असं त्याचं सभ्य नाव. संडासातला मैला उचलायला येणाऱ्या माणसाने समोरच्या रस्त्यावरून येऊ नये, म्हणून तो बोळ. भूखंडही सुरुवातीला जातीजातींप्रमाणे वेगळ्या भागांत वाटले गेले. हवा, उजेड, स्वच्छता सगळं काही आलं, आणि ती स्वच्छता ज्याच्या हातून व्हायची त्याला मागचं दार. आमच्या जुन्या घरामागचा बोळ आता भिंत घालून बंद केला आहे. पण माळ्यावरचं सामान टाकताना ते नेमकं कुणाच्या दारात जातं हे आपण अजूनही विचारत नाही. 2012 मध्ये मावळ्ळीपुरा इथला कचरा डेपो बंद झाला तेव्हा बंगळुरात रस्तोरस्ती ढीग लागले. मंडूर गावच्या लोकांनी ‘तुमचा कचरा आमच्याकडे नको’ म्हणून आंदोलनं केली. तेव्हापासून आपण ओला-सुका वेगळा करायला लागलो. त्याला म्हणतात सेग्रिगेशन! पणजीला कँपमध्ये नेताना वापरलेला शब्द आज कचऱ्याच्या बादलीवर येऊन बसला आहे.

तर ट्रंक. सूनबाईंना मी हे सगळं सांगितलं. जेवणं झाल्यावर, जरा लांबणच लावून, असं आमच्या सौ.चं मत. सूनबाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, “मग बाबा, उघडूनच बघू या ना. एकेक विचारून ठरवू.”

रविवारी ट्रंक गच्चीवर उन्हात नेली. आजीची दोन नऊवारी लुगडी, अडकित्ता, वडिलांची शाळेची सर्टिफिकिटं, आईच्या भिशीच्या वह्या, आणि तळाशी उंदराच्या लेंड्या. एक लुगडं इतकं विरलेलं होतं की हातातच फाटलं. ते पोछ्यासाठी फाडायला मी सांगितलं, तर सूनबाईच नको म्हणाल्या. शेवटी काठ कापून ठेवला. भिशीच्या वह्या रद्दीत गेल्या, त्या मी विचारून दिल्या, सौ.ना. सर्टिफिकिटं ठेवली. ट्रंक आतून पुसून, डांबराच्या गोळ्या टाकून पुन्हा अट्टावर गेली, मखराच्या जागी. मखर आता कुठे ठेवायचं यावर सध्या घरात वाद चालू आहे. व्याही येण्याआधी तो मिटला पाहिजे.

आई 2003 साली गेली. 1994 च्या त्या रात्री तिने चोपडीतली यादी मला तोंडपाठ म्हणून दाखवली होती. आजीने तिच्याकडून ती पाठ करून घेतली होती. मी तेव्हा लिहून घेतली नाही. परवा सूनबाईंच्या वहीच्या मागच्या पानावर आठवेल तेवढी लिहून काढली. दोन जाजमं. एक पाळणा, साखळ्यांसह. तांदळाची कणगी, भरलेली. पोथ्यांचं बासन. गाद्या चार, उशा सहा. सोवळ्याची पेटी. पाट आठ. गौरीचे मुखवटे ठेवायची लाकडी पेटी, मुखवटे आदल्या रात्री काढून घेतले होते म्हणून वाचले. ते मुखवटे आमच्या धाकट्या काकांकडे पुण्याला आहेत. आठ नोंदी झाल्या. आई म्हणायची, एकूण चाळीस होत्या.