सात नंबरच्या इमारतीचे साडेआठ तास

न्यूयॉर्क, 11 सप्टेंबर 2001. त्या दिवसाचं नाव काढलं की जुळे मनोरे आठवतात. पण वर्ल्ड ट्रेड सेंटरमधली 47 मजली सात नंबरची इमारतही त्याच संध्याकाळी पडली, आणि तिच्यावर विमान आदळलेलंच नव्हतं. एवढी उंच इमारत मुख्यतः आगीमुळे कोसळल्याची ही पहिलीच ज्ञात घटना.

सकाळी 8.46 : उत्तर मनोऱ्यावर विमान आदळतं, 9.03 ला दक्षिण मनोऱ्यावर दुसरं. सात नंबर रिकामी होऊ लागते. शहराचं आपत्कालीन नियंत्रण केंद्र नेमकं इथेच, 23व्या मजल्यावर! तिथल्या माणसांनाही बाहेर पडावं लागतं.

9.59 : दक्षिण मनोरा कोसळतो.

10.28 : उत्तर मनोराही जातो. त्याचा जळता राडारोडा सुमारे 110 मीटरवरच्या सात नंबरवर येऊन पडतो. नैर्ऋत्येकडचे बाहेरचे सात खांब तुटतात, निदान दहा मजल्यांवर आग लागते. तरी इमारत उभी राहते. तुटलेल्या खांबांचा भार बाकीचे उचलतात. खरा घात जमिनीखाली झालेला असतो. मनोरे पडताना शहराच्या जलवाहिन्या फुटतात, आणि खालच्या वीस मजल्यांचे स्प्रिंकलर त्याच पाण्यावर चालणारे. माझ्या मते इमारतीचा निकाल इथेच लागला.

दुपार : पाणी नाही, अग्निशमन दलाचे शेकडो जवान ढिगाऱ्याखाली. सात नंबरमधली आग कुणी विझवायला घेतच नाही. टेबलं, कागद, खुर्च्या खात ती पुढे सरकत राहते.

दोननंतर : नैर्ऋत्य कोपऱ्यात दहाव्या ते तेराव्या मजल्यांदरम्यान फुगवटा दिसतो. इमारत टिकणार नाही हे ओळखून अग्निशमन दलाचे अधिकारी सगळ्यांना लांब हटवतात. त्या दिवशीचा हा एक निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला.

चारनंतर : इमारत पडायला पोलाद वितळावं लागतं, हा लोकांचा गैरसमज. इथे ते 400 अंश सेल्सिअसच्याही आतच होतं. पण पोलाद तापलं की लांबतं. म्हणून तर रुळांच्या सांध्यात फट ठेवतात. पूर्वेकडच्या मजल्यांखालच्या तुळया सुमारे 16 मीटर लांब. एवढी तुळई 400 अंशांना सात-आठ सेंटिमीटरने वाढते. दोन्ही टोकं अडकलेली, मग वाढणार कुठे? तिने शेजारच्या मुख्य तुळईला रेटलं. तेराव्या मजल्यावर 79 क्रमांकाच्या खांबापाशी ही मुख्य तुळई बैठकीवरून घसरली. एकावर एक मजले पडत पाचव्यापर्यंत गेले. खांबाला बाजूंनी धरून ठेवणारं काही उरलं नाही आणि तो वाकला.

4.57 च्या सुमारास : बीबीसी इमारत पडल्याची बातमी देते, तीही पडण्याआधी वीसेक मिनिटं. इमारत मुद्दाम पाडली, अशा कटाच्या कहाण्यांना एवढं खाद्य पुरलं. इमारत पडणार ही चर्चा दुपारपासून रस्त्यावर होती, हे कोण लक्षात घेतो?

5.20 : 79 क्रमांकाचा खांब वाकल्याने गच्चीवरचं पूर्वेकडचं बांधकाम आत खचतं. सुमारे सात सेकंदांनी बाहेरचं कवच खाली येतं. आत कुणीही नसल्यामुळे या कोसळण्यात एकही बळी जात नाही.

श्याम सुंदर यांच्या नेतृत्वाखालच्या सरकारी चौकशीचा अहवाल 2008 मध्ये आला. स्प्रिंकलरना पाणी मिळालं असतं आणि ते नीट चालले असते, तर आग बहुधा आटोक्यात राहिली असती आणि इमारत वाचली असती, असा त्याचा निष्कर्ष आहे.