१,७६,६३,१९,०४९ ची कुळकथा

एका पूर्णांकाच्या वर्गाला ६१ ने गुणायचे, त्यात १ मिळवायचा, आणि येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असायला हवी. शून्य सोडून असा सर्वांत लहान पूर्णांक कोणता? ६१ च्या जागी ६० असते, तर उत्तर ४. कारण १६ ची साठपट ९६० आणि त्यात एक मिळवला की ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतात. मधल्या ६१ ला मात्र २२,६१,५३,९८० लागतात आणि तयार होतो १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग. एकेक आकडा तपासत जाणारा या उत्तरापाशी बावीस कोटी पायऱ्यांनंतर पोहोचेल.

भास्कराचार्य तिथे एका पानात पोहोचले. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या बीजगणितात हे ६१ चे उदाहरण आहे. त्यामागे पाचशे वर्षांची परंपरा होती. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली या प्रश्नप्रकाराचा, म्हणजे वर्गप्रकृतीचा, पाया घातला आणि दोन उत्तरांतून तिसरे घडवणारी ‘भावना’ दिली. पुढे जयदेवाने एका जोडीतून दुसरी जोडी फेरीफेरीने घडवणारी चक्रवाळ पद्धत मांडली. टीकाकार उदयदिवाकराने १०७३ मध्ये त्याचे श्लोक उतरवून घेतले म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

आता भास्कराचार्यांची वाट पाहा. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ हून ३ ने जास्त. हा ३ म्हणजे क्षेप; तो १ वर आणायचा. चक्रवाळाच्या एकाच फेरीत ३९ आणि ५ मिळतात: ३९ च्या वर्गातून ५ च्या वर्गाची एकसष्टपट, म्हणजे १५२१ वजा १५२५, क्षेप उणे ४. ३९ आणि ५ ही दोन्ही मुळे निम्मी केली की क्षेप उणे १. मुळे अपूर्णांकात गेली, तरी भास्कराचार्य थांबत नाहीत. या जोडीची स्वतःशीच भावना केली की १५२३ आणि १९५ यांची निम्मी येतात, क्षेप १. या दोन जोड्यांची भावना केली की अपूर्णांक नाहीसे होतात: २९७१८ आणि ३८०५, क्षेप उणे १. शेवटची भावना पुन्हा स्वतःशी, आणि ज्येष्ठ, म्हणजे मोठे, मूळ म्हणून आपली संख्या समोर येते. २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून एक मिळवा; तीच ती. अपूर्णांकातून निर्धास्त जाऊन पूर्णांक गाठण्याची ही हिंमत मला सगळ्या गणितात मोठी वाटते.

१६५७ साली फ्रान्समध्ये फर्माने हाच प्रश्न समकालीनांपुढे टाकला, आणि फ्रेनिक्ल या गणितज्ञाला लिहिताना त्यानेही नेमके ६१ च निवडले. इंग्लंडमध्ये ब्राउंकरने रीत शोधली, वॉलिसने ती लिहून काढली. ऑयलरने श्रेय चुकून जॉन पेलला दिले आणि ‘पेलचे समीकरण’ हे नाव रूढ झाले. प्रत्येक अवर्ग संख्येसाठी उत्तर असतेच, ही सिद्धता मात्र लाग्रांजची, अठराव्या शतकातली. भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे कोलब्रुकने केलेले इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये निघाले, तोवर युरोपातली नावे पक्की झाली होती.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला; तसा शिलालेख तिथे आहे. आपल्या महाविद्यालयांतून हे समीकरण शिकवताना फळ्यावर पहिले नाव ब्रह्मगुप्ताचे आणि पहिले उदाहरण ६१ चे लिहिले जावे.