अंगणातली डॉज : काय जपावे, काय बदलावे?

जुनी मोटार पुन्हा चालती करण्याचा छंद महाराष्ट्राला नवा नाही. मात्र फियाट घरच्या शेडमध्ये उघडणे वेगळे आणि पन्नासच्या दशकातील डॉज, प्लिमथ किंवा डिसोटो उघडणे वेगळे. १९५३-५४ च्या घडणीच्या प्लिमथमध्ये पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतरच ११४ इंच, म्हणजे सुमारे २ मीटर ९० सेंटिमीटर आहे. प्रीमियर पद्मिनीत ते २ मीटर ३४ सेंटिमीटर होते. आकार मोठा, सुटे भाग दुर्मिळ आणि आधीच्या मालकांनी करून ठेवलेले जुगाड अनेक. त्यामुळे पहिला बोल्ट सैल करण्यापूर्वीच एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे लागते. या गाडीतील काय मूळ स्वरूपात जपायचे आणि काय आपल्या सोयीने बदलायचे? २०२१ पासून हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही. गाडीची कायदेशीर ओळखही त्यावर अवलंबून आहे.

कुर्ल्याची अमेरिकन मोटार

या गाड्यांचे मुंबईशी जवळचे नाते आहे. सोलापूरचे सुपुत्र, उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारानुसार १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या गाड्या बाहेर पडू लागल्या. यातील डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या गाड्या मुळात प्लिमथच्याच सांगाड्यावर बेतलेल्या होत्या. नाव व सजावट निराळी, आतील यंत्रणा बव्हंशी समान. जीर्णोद्धार करणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो, कारण डॉजसाठी न मिळणारा भाग प्लिमथच्या नावाने सापडू शकतो.

पुढे पेट्रोल महागले, तशा यांतील अनेक गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिने गेली. आज हाती येणारी गाडी अशी ‘बदललेली’ असण्याची शक्यता बरीच असते. म्हणूनच खरेदीपूर्वी नोंदणीपुस्तकातील इंजिन व चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहणे ही पहिली पायरी होय.

हातोडीआधी चुंबक

गाडीची खरी अवस्था रंगाखाली दडलेली असते. साधे चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. दारांखालची पट्टी, पायाखालचा तळ, डिकीचा तळ आणि मडगार्डची आतली बाजू येथे गंज प्रथम शिरतो. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तो अधिक वेगाने पसरतो.

दारांखालचा कुजलेला पत्रा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीला आतून लोखंडी नळ्यांचा आधार देणे आवश्यक असते. तो न दिल्यास बॉडी किंचित खचते आणि नवा पत्रा जोडून झाल्यावर दारच बसत नाही. काढलेल्या प्रत्येक भागाचे छायाचित्र, चिठ्ठी लावलेली पिशवी आणि वहीतील नोंद या तीन सवयींचे मोल जोडणीच्या वेळी कळते. असे काम अनेकदा वर्षानुवर्षे चालते आणि स्मरणशक्ती तेवढी टिकत नाही.

जिवाशी गाठ

सुमारे दीड टन वजनाच्या गाडीखाली केवळ जॅकच्या भरवशावर शिरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रणच. मजबूत स्टँड आणि चाकांना लाकडी ठोकळे हवेतच. या गाड्यांत आणखी एक धोका आहे. हँडब्रेक चाकांवर नव्हे, तर गिअरबॉक्सच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर काम करतो. मागचे एकच चाक उचलले असता डिफरन्शियलमुळे ते हवेत उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक पुढे सरकते. हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी जॅकवरून निसटू शकते, हे फियाटवर हात बसलेल्या मिस्त्रीच्याही लक्षात येत नाही.

चाकांच्या बोल्टांचीही तीच गत. क्रायस्लरच्या त्या काळातील गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. नेहमीच्या दिशेने जोर लावल्यास बोल्ट सैल होण्याऐवजी घट्ट होतो आणि शेवटी तुटतो. मागचे ब्रेक ड्रम निमुळत्या आसावर बसविलेले असल्याने ते हातोडीने ठोकून न काढता योग्य पुलरनेच काढावेत. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या कापडाने पुसून काढावी.

या ब्रेकमधील उणीव म्हणजे मास्टर सिलिंडर एकेरी असतो. एका नळीला गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक जातात. त्यामुळे इंजिन सुरू करण्याच्या उत्साहापूर्वी ब्रेकच्या नळ्या, रबरी होज आणि व्हील सिलिंडर यांची पूर्ण दुरुस्ती व्हावयास हवी.

इंजिनातील दडलेली नळी

मूळ इंजिन सहा सिलिंडरचे, साडेतीन ते पावणेचार लिटर क्षमतेचे असते. त्याच्या व्हॉल्व्ह डोक्यात नसून बाजूला, ब्लॉकमध्येच असतात. ते अत्यंत दणकट समजले जाते. तरीही नव्याने बांधलेले इंजिन तापते अशी तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. रेडिएटर व पाण्याचा पंप बदलूनही दोष जात नाही. याचे कारण पंपामागे ब्लॉकच्या लांबीभर बसविलेल्या पत्र्याच्या नळीत असू शकते. मागील सिलिंडरपर्यंत गार पाणी पोहोचविणे हे तिचे काम. ती गंजली की मागचे सिलिंडर तापतात आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. रेडिएटर आणि पंप उतरवून ती पुढून ओढून काढता येते. इंजिन उघडलेले असतानाच ती बदलणे शहाणपणाचे.

वीजव्यवस्थेतही असाच सापळा आहे. १९५५ पर्यंतच्या गाड्या सहा व्होल्टच्या असून बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. तेवढ्याच शक्तीसाठी सहा व्होल्टला दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. बाजारात सहज मिळणारी, बारा व्होल्टसाठीची बारीक केबल लावली की स्टार्टर रडतखडत फिरतो आणि दोष मात्र स्टार्टरला दिला जातो. पुरेशी जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग एवढाच त्यावरचा उपाय.

बदल कोणते चालतील?

मूळ स्वरूप जपायचे म्हणजे सुरक्षिततेकडे पाठ फिरवायची, असे नव्हे. दुहेरी मास्टर सिलिंडर, दिशादर्शक दिवे, सीट बेल्ट, इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारे रबरी पाइप आणि इंधनपंपाचा पडदा हे बदल गाडीचा जीव न बदलता तिला रस्त्यायोग्य करतात. बारा व्होल्टची व्यवस्थाही पुन्हा पूर्ववत करता येते. याउलट चासी कापणे, छप्पर खाली उतरविणे, मूळ इंजिन काढून दुसरे बसविणे हे बदल परतीची वाट बंद करतात.

कायद्याची रेघही जवळजवळ येथेच ओढलेली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार प्रथम नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेले, खासगी वापराचे आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहन विंटेज म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार, तर नूतनीकरणाचे पाच हजार रुपये ठरविण्यात आले. नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते. पूर्वी नोंदलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो; नव्याने नोंदणी होणाऱ्यांना ‘व्हीए’ अक्षरांची मालिका मिळते. मात्र असे वाहन रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच त्याला मुभा आहे.

हे सारे पाहता जाणकारांच्या कामातील एक रीत अनुकरणीय ठरते. गाडीतून काढलेला एकही मूळ भाग ते भंगारात देत नाहीत. सहा व्होल्टचा डायनॅमो, एकेरी मास्टर सिलिंडर, फुटलेला टेललॅम्पसुद्धा तेल लावून, नाव लिहून पेटीत ठेवला जातो आणि कामाच्या वहीबरोबर गाडीसोबत राहतो. पुढे ती गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला आपला निर्णय नव्याने घेण्याची मोकळीक त्या पेटीमुळेच मिळते.